पायाखालचे औषध

(तृतीय वर्ष, कला शाखा)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहा, असे बाईंनी वर्गात सांगितले तेव्हा पहिल्या बाकावरच्या चौघींनी 'आई' हा विषय लगेच अडवून ठेवला. दोघा मित्रांनी 'आजचा तरुण कोठे चालला आहे?' घेतला. माझ्या वाट्याला झाड राहिले. आता ही 'झाडे लावा, झाडे जगवा' असे काहीतरी लिहिणार, अशी सर्वांची समजूत झाली असावी. पण मला झाडे लावण्याविषयी लिहायचे नाही. लावलेल्या, वाढलेल्या आणि आपल्या आजोबांच्याही आधीपासून उभ्या असलेल्या झाडाखालून जाताना आपण काय तुडवीत जातो, त्याविषयी लिहायचे आहे.

आपल्या ग्रंथालयाच्या बाजूला लिंबाची सात झाडे आहेत. लिंब म्हणजे कडुलिंब. आपल्या बीडकडे लिंब म्हटले की तोच. पिळायचे ते लिंबू. (पुण्याकडच्या पाहुण्यांची येथे हमखास फसगत होते.) जून उजाडला, प्रवेशाच्या खिडकीशी गर्दी सुरू झाली, की या सात झाडांच्या लिंबोळ्या पिकून पडू लागतात. पिवळाजर्द सडा पडतो, माश्या घोंगावतात, नवी मुले घसरून पडतात आणि जुनी मुले हसतात. शिपाईकाका सकाळी खराट्याने तो सडा कोपऱ्यात लोटतात आणि दुपारी त्याला काडी लावतात. पहिल्या वर्षी मी तो धूर पाहिला. दुसऱ्या वर्षीही पाहिला. दोन्ही वेळा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आधीच कबूल करते.

तिसऱ्या वर्षी वाटले, आणि त्याला कारण घरी घडले.

आमच्याकडे फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतात. "कापसावर औषध मारलं का?" असे शेजारी शेजाऱ्याला विचारतो. तापाची गोळी तेही औषध आणि पाठीवरच्या पंपातले तेही औषध. आणखी एका ठिकाणी हा शब्द येतो. अमक्याने औषध घेतले, असे कोणी खालच्या आवाजात सांगितले की पुढचे विचारायचे नसते. दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचे असते. आपण भाषेचे विद्यार्थी शब्दाच्या छटांवर पाच-पाच गुणांची उत्तरे लिहितो. या एका शब्दाच्या छटांवर कोणी प्रश्न काढलेला मी पाहिला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, ऑगस्टात, अण्णा असेच औषध मारून दुपारी घरी आले आणि ओसरीवर आडवे झाले. तोंडाला फक्त उपरणे बांधले होते. वारा उलटा फिरला होता. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, अंगाला घाम. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. चार दिवसांनी ते चालत घरी आले, म्हणून मी हे लिहू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या मुलींना हे असे लिहिता आले नसेल.

त्या चार दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात आजी एकदा म्हणाली, "पूर्वी आम्ही लिंबोळ्या कुटून रातभर भिजू घालायचो अन् ते पाणी शिपडायचो. ना कुणाला चक्कर, ना उलटी. आता तुमची शिकली-सवरली माणसं दुकानातून इख आणतेत अन् त्याला औशिद म्हणतेत."

मला फार लाज वाटली. कारण त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी लिंबावर बोलून बक्षीस मिळवले होते. 'अमेरिकेने पळवलेला आमचा लिंब' असा काहीसा विषय होता. मी मुठी आवळल्या होत्या, आवाज चढवला होता, टाळ्याही घेतल्या होत्या. लिंबोळी मात्र आयुष्यात एक वेचली नव्हती.

मग मी ते पेटंटचे प्रकरण पुन्हा, या वेळी टाळ्यांसाठी नव्हे, वाचले. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने एक पेटंट दिले. लिंबोळीच्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात आणण्याची रीत, असा त्याचा विषय. त्याविरुद्ध वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. १० मे २००० रोजी म्युनिकला पेटंट रद्द झाले, आणि ८ मार्च २००५ रोजी कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. येथपर्यंत माझ्या भाषणात होते. भाषणात नव्हते ते असे, की या निकालात वजन पडले ते एका मराठी माणसाच्या साक्षीचे. पुण्याचे अभय फडके यांनी लिंबोळीपासून बनवलेल्या द्रव्याचे प्रयोग १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर केले होते. पेटंटचा अर्ज पडण्यापूर्वीची ही गोष्ट त्यांना तारखांनिशी सांगता आली.

मी भाषणात वेद, पुराणे आणि आयुर्वेद यांची नावे घेतली होती. गुढीपाडव्याचा पाला, गोवर-कांजिण्या आल्यावर अंथरुणाभोवती ठेवायच्या डहाळ्या, सगळे सांगितले होते. ते खोटे नाही. पण परक्या देशाच्या कचेरीत उपयोगी पडली ती कोणत्या गावात, कोणत्या पिकावर, कोणत्या साली काय फवारले आणि काय झाले ही नोंद. माझी आजी बरोबरच होती. आजीची नोंद नव्हती, एवढेच. आणि ती न ठेवण्याचा दोष अमेरिकेच्या माथी मारता येत नाही.

तर तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये शिपाईकाकांनी खराटा उचलला तेव्हा मी आणि माझ्या दोन मैत्रिणी पोती घेऊन उभ्या राहिलो. काका म्हणाले, "न्या की पोरींनो, माझं तेवढंच काम हलकं." प्राध्यापकांच्या खोलीतून दोघे-तिघे डोकावले. समाजशास्त्राच्या सरांनी ही राष्ट्रीय सेवा योजना आहे की शिक्षा, असे विचारले.

पहिली खेप वाया गेली. ओल्या लिंबोळ्या प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवल्या. आठ दिवसांनी पोते सोडले तो हिरवी-काळी बुरशी आणि असा वास की माय म्हणाली, हे आधी उकिरड्यावर टाक, मग जेवायला बस. दुसऱ्या खेपेला शहाणपण आले. लिंबोळ्या पाण्यात चोळून गर काढला, बिया धुतल्या. पण मिरच्या वाळत घालाव्यात तशा कडक उन्हात पत्र्यावर पसरल्या. तेही चुकीचेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आमच्या कृषी सहायकांनी समजावून सांगितली तेव्हा कळले की लिंबोळीतले जे कामाचे द्रव्य, ते उन्हाने नासते. बिया सावलीत, हवेशीर जागी वाळवायच्या. साठवायच्या त्या तागाच्या पोत्यात. आणि मागल्या सालच्या जुन्या बिया वापरायच्या नाहीत.

ते कामाचे द्रव्य म्हणजे आझाडिरॅक्टिन. नाव अवघड आहे, पण फारसीतले 'आझाद दरख्त', म्हणजे मोकळे झाड, हे त्याचे मूळ लक्षात ठेवले की जमते. लिंबाच्या पोटातले एकेक द्रव्य वेगळे काढण्याची कथा मला एखाद्या कादंबरीसारखी वाटली. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी लिंबाच्या तेलातून निंबिन हे पहिले कडू द्रव्य काढले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसले, की सगळी हिरवळ फस्त झाली पण लिंब तेवढे हिरवे उभे आहेत. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून ती टोळांपासून वाचवली. म्हणजे आजीचेच पाणी, पण मोजून मापून, कागदावर उतरवून. १९६८ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात आझाडिरॅक्टिन वेगळे काढले गेले. त्याच्या रेणूची रचना नक्की व्हायला १९८५ उजाडले. तो रेणू प्रयोगशाळेत घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला बावीस वर्षे लागली; ते काम २००७ मध्ये पुरे झाले. जगातले निष्णात रसायनशास्त्रज्ञ बावीस वर्षे ज्याच्याशी झुंजले ते आपल्या ग्रंथालयामागचे झाड दर उन्हाळ्यात, पाण्याची एक बादली न मागता, करून टाकते!

एक किलो बीच्या गरात हे द्रव्य साधारण दोन ते सहा ग्रॅम असते. कारखान्यात आधी तेल पिळून घेतात आणि उरलेल्या पेंडीतून ते अल्कोहोलच्या जातीच्या द्रावकाने काढतात. बाटलीवर ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे जे आकडे असतात ते दहा लाख भागांत याचे भाग किती, हे सांगतात. ३०० पीपीएम म्हणजे शेकडा ०.०३. आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नये. पाण्यात हे द्रव्य कमीच विरघळते. पण शेतकऱ्याला लागते तेवढे विरघळते. म्हणून आजीची रीत चालते.

पाच टक्क्यांचा अर्क आम्ही असा केला. वाळलेल्या बिया सोलून पाच किलो गर उखळात कुटला. फार बारीक कुटू नये, तेल सुटून लगदा होतो. चहाच्या भुकटीइतपत ठेवावा. तो रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवला. सकाळी काठीने ढवळून मायच्या जुन्या लुगड्याच्या कापडातून गाळला. पाव किलोला कमी असा साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घातला, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. मग शंभर लिटरपर्यंत पाणी. भिजवलेले त्याच दिवशी संपवायचे आणि फवारायचे ते संध्याकाळी, कारण पुन्हा तेच, ऊन. दिवसभर आम्ही ओसरीवर बसून माश्या वारीत राहिलो.

कापसाच्या चार ओळी अण्णांनी मला 'शिक्षणासाठी खर्च' म्हणून सोडल्या होत्या. दोन ओळींवर अर्क मारला, दोन तशाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा शेतातून आले ते हसतच. "आळ्या तर मजेत हिंडायल्यात की! तुझं औषध त्यांनी पिऊन घेतलं वाटतं."

मित्रांनो, सारा पेच येथे आहे असे मला वाटते. दुकानातल्या विषाने कीड डोळ्यांदेखत उताणी पडते. लिंबोळीने ती पडत नाही. आझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते आणि कात टाकण्याचे तिचे जे अंतर्गत संप्रेरक, त्याच्या कामात बिघाड करते. अळी हिंडते, पण खात नाही. वाढते, पण कात नीट टाकता येत नाही म्हणून पुढच्या अवस्थेत जात नाही. हे व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. कर्जाच्या पैशाने बियाणे आणलेल्या माणसाला दहा दिवस अळीकडे बघत बसा म्हणणे सोपे नाही. मी अण्णांना दोष देत नाही.

पण दहा दिवस आम्ही बसलो. मी रोज संध्याकाळी ठरलेल्या वीस झाडांची पाने उलटून तुडतुडे, मावा आणि लहान अळ्या वहीत मोजत गेले. फवारलेल्या दोन ओळींत नवी कुरतडलेली पाने डोळ्यांना कळण्याइतकी कमी झाली. मग जोराचा पाऊस झाला, अर्क धुऊन गेला, आणि पुन्हा फवारावे लागले. पुढे बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीवर त्याचा काहीही उपयोग झाला नाही; आत बसलेल्या अळीपर्यंत तो पोचतच नाही. २०१७ मध्ये याच अळीने आपल्या जिल्ह्यासह महाराष्ट्रभर बीटी कापूस खाल्ला होता. दोन ओळींच्या प्रयोगाने शास्त्र सिद्ध होत नाही, हेही मला कळते. मात्र त्या वर्षी अण्णांनी सुरुवातीच्या दोन फवारण्या विषाच्या केल्या नाहीत. आमच्या घरापुरते ते मला पुरेसे आहे.

येथे एक इशारा देणे भाग आहे, कारण झाडातले ते निरुपद्रवी असा आपला एक गोड समज असतो. आमच्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावली. न्हाताना ती डोळ्यांत गेली. आठ दिवस तिला उजेड सहन होत नव्हता. बालाघाटाच्या डोंगरातले आपले सीताफळ गोड आहे, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच्या बीत असलेली ॲसिटोजेनिन वर्गातली द्रव्ये पेशीला ऊर्जा मिळण्याची वाटच बंद करतात. उवा त्यामुळे मरतात, आणि डोळ्यालाही त्यामुळेच इजा होते. लिंबोळीच्या तेलाचेही तसेच. १९८१ साली मलेशियातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे, की सर्दी-खोकल्यावर म्हणून हे तेल पाजलेली तेरा तान्ही मुले गंभीर आजारी होऊन त्यांच्याकडे आली. आजी सांगते ते ऐकावे. पण किती, कोणाला, कोठे, हे विचारल्यावाचून करू नये. औषध आणि इख यांत फरक मात्रेचा असतो, आणि मात्रा मोजावी लागते.

मोजण्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे आणि ते आपल्या एकाही क्रमिक पुस्तकात मला भेटले नाही. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन अमेरिकेला गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन झाडांतून दोन द्रव्ये काढली. चीनच्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन, १९६६ साली. आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, ज्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. कर्करोगावरची आजची किती तरी औषधे या दोहोंतून आलेली आहेत. २०२० मध्ये वाणी वारले. आपल्या गावात क्रिकेटपटूंचे वाढदिवस फलक लावून साजरे होतात. असो.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडले. नरक्याला लोक नावाप्रमाणेच दुर्गंधाचे, निरुपयोगी झाड समजत होते. द्रव्य सापडले आणि झाडावर संक्रांत आली. ते लाकडात आणि सालीत असल्यामुळे कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत नरक्या चोरून तोडला जाऊ लागला, गाड्या भरभरून बाहेर गेला. यू झाडाचेही तेच झाले होते. साल काढली की झाड मरते. तेव्हा झाडात औषध सापडणे ही झाडाच्या दृष्टीने आनंदाची बातमी असतेच असे नाही.

म्हणूनच माझे मन पुन्हा लिंबोळीवर येते. लिंबोळी वेचायला कुऱ्हाड लागत नाही. झाड ती स्वतः खाली टाकते. जंगल म्हणावे असे आपल्या जिल्ह्यात फारसे उरलेले नाही, पण बांधावर, मारुतीच्या पाराजवळ, शाळेच्या आवारात, मांजरसुंब्याहून केजकडे जाताना, लिंब दिसत नाही असा मैल दाखवावा.

आणि आता मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते. आपल्या वर्गातल्या किती जणांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जातात, हे हजेरीवरून कळते. मुकादमाची उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा, आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. माझी मायही लग्नानंतर अकरा हंगाम गेली. परत आल्यावर पेरणीपर्यंत हाताला काम नसते, आणि याच दिवसांत पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते, कारण घरात दाणा नसतो. पंचांग उघडून पाहा: लिंबोळी पिकून पडते ती नेमकी याच सुमारास, ज्येष्ठ-आषाढात. माणसे घरी आहेत, हात रिकामे आहेत, आणि कामाची वस्तू पायाखाली पडली आहे.

हे माझे दिवास्वप्न नव्हे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला लिंबोळीच्या तेलाचा लेप देणे सरकारने बंधनकारक केले. तेलाची गरज एकाएकी वाढली. गुजरातेत भरूचच्या खत कारखान्याने गावोगावच्या बायांकडून लिंबोळ्या विकत घ्यायला सुरुवात केली. वेचणी, केंद्रावर माप, हातात पैसे. आपण काय करतो? लिंबोळी जाळतो, आणि तिचाच लेप दिलेला युरिया रांगेत उभे राहून घेतो. वर अर्काची बाटलीही दुकानातून आणतो. माय एकदा ती बाटली हुंगून म्हणाली, "ह्यो तर आपल्या दारातलाच वास!"

कोणी म्हणेल, हे काम विज्ञान शाखेचे. कला शाखेने कविता कराव्यात. अर्क किती पीपीएमचा निघाला हे सांगायला रसायनाची प्रयोगशाळा लागेलच, आणि ते मला येत नाही. पण आजीने कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्याला, केव्हा काढून, किती उकळून दिली, हे तिच्या बोलीत जसेच्या तसे उतरवून घ्यायला कोण जाणार आहे? मराठीचे, इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थीच ना? आपण लोकगीते गोळा करतो, जात्यावरच्या ओव्यांवर प्रकल्प लिहितो. ओवी गाणाऱ्या बाईला बाळंतिणीला काय देत होतीस, हा पुढचा प्रश्न विचारायला दहा मिनिटे जास्त लागतील. मी आजीची अशी एक वही केली आहे. बेचाळीस पाने झाली. त्यातले काही खरे ठरेल, काही खोटे, काही धोक्याचे. आजीने स्वतःच दोन ठिकाणी सांगितले, "हे लिही, पर कुणाला देऊ नको."

पुढच्या जूनमध्ये मी येथे नसेन. माझ्या दोन मैत्रिणींपैकी एकीचे लग्न ठरले आहे. म्हणून दुसऱ्या वर्षातल्या सहा जणांनी मिळून एक अर्ज केला आहे: ग्रंथालयामागच्या सात झाडांच्या लिंबोळ्या जाळू नयेत, बिया वाळवण्यासाठी जुन्या सायकलस्टँडची सावली जून-जुलै हे दोन महिने मिळावी, आणि किती वेचल्या, किती वाळल्या, अर्क कोणत्या गावात कोणाच्या शेतावर गेला याची एक वही कार्यालयात ठेवावी. शिपाईकाकांची सही पहिली आहे. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे.